पाणी येण्याचा दिवस आणि डेंग्यूचा हिशेब (सोलापूर)

कन्नाचौककर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापूरचे असाल तर पहिला प्रश्न: तुमच्याकडे पाणी कुठल्या दिवशी येतं? वार, वेळ, किती तास, चावीवाला किती वाजता येतो, सगळं तोंडपाठ असेल. दुसरा प्रश्न: तुमच्या गल्लीत या महिन्यात कितीजणांना ताप येऊन गेला? हे कुणालाच सांगता येणार नाही. हा धागा या दोन प्रश्नांबद्दल आहे.

पूर्व भागात पावसाळा सरता सरता काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे 'व्हायरल आहे' म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या. मग प्लेटलेट. मग एखादं पोरगं अ‍ॅडमिट. मग पेपरात बातमी, आणि बातमीनंतर धुराची गाडी. गाडीमागे पोरं पळतात, आपण दारं लावून घेतो (जे खरं तर उघडी ठेवायला हवीत), आणि विषय संपतो.

जरा तारखा मांडून बघा. डास चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस लागतात. ताप आल्यावर आपला माणूस दोन-तीन दिवस अंगावर काढतो. रोज कमावून खाणारा यंत्रमाग कामगार तर नक्कीच. मग रक्त, मग अहवाल. म्हणजे 'डेंग्यू' हा शब्द कागदावर येतो तेव्हा मूळ चावा जवळपास दोन आठवडे जुना झालेला असतो. मधल्या काळात त्या आजाऱ्याला जो नवा डास चावला, त्याच्या अंगात विषाणू पिकायला ८ ते १२ दिवस पुरतात. आपण कागद हातात घेतो त्या वेळी पुढची फेरी निघालेली असते.

म्हणून मला वाटतं, रुग्णाच्या मागे धावून हे आटोक्यात येणार नाही. आपल्या गावात डास कुठे तयार होतो ते ठाऊक आहे. उजनी, टाकळी, हिप्परगा असे स्रोत असले तरी नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. म्हणून घराघरात हौद, बॅरल, रांजण, पिंप. एडिस डासाला हेच लागतं: स्वच्छ, साठलेलं, सावलीतलं पाणी. आपल्या उन्हाळ्याच्या उष्णतेत अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात. बॅरल पाच दिवसांनी भरतो खरा, पण पूर्ण रिकामा कधी होतो? तळाचं पाणी राखून त्यावरच नवं भरतो. अळीला मुदतवाढ मिळत राहते.

दोन गोष्टी सुचवतो. एक, 'कोरडा दिवस' (सगळी भांडी रिकामी करून घासायचा दिवस) सगळ्या शहराला एकाच वारी ठरवू नका. तो त्या त्या भागाच्या पाणी येण्याच्या दिवसाला बांधा. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी भांडी सगळ्यात रिकामी असतात, घासायची वेळ तीच. दोन, तापाच्या रुग्णांचा नकाशा प्रभागाच्या हद्दीने न काढता पाणी सोडण्याच्या झोनने काढा. डासाला प्रभाग कळत नाही, पण बॅरल किती दिवस भरलेला राहतो हे झोनवर ठरतं.

बोला.

---

चादरवाला

मस्त धागा. वाचायलोय.

---

जुळेसोलापुरातली_जुई

फक्त पूर्व भाग कशाला? आमच्या अपार्टमेंटमध्ये मागच्या दिवाळीत तीन घरांत डेंग्यू होता. बॅरल कुणाकडेच नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, शेजारच्या अर्धवट बांधकामातलं क्युरिंगचं पाणी. हौदवाल्यांना दोष देऊन आपण सुटतो.

---

कन्नाचौककर

जुईताई, दोष देत नाहीये. मीही बॅरलवालाच आहे. पण तुमची ताटली तुम्ही मनात आलं तर आज ओताल. दोनशे लिटर पाणी, ज्यासाठी पहाटे उठून नळाशी बसावं लागलं, ते 'कोरडा दिवस आहे' म्हणून कोण ओतेल? मला या अडचणीवर तोडगा हवाय.

---

मलेरियामामा_निवृत्त

हिवताप विभागात आयुष्य घालवलं. गाव सांगत नाही, सोलापूर जिल्ह्यातलंच धरा. कन्नाचौककरांचा मुद्दा बरोबर आहे, थोडी भर घालतो.

घरोघर जाऊन भांडी तपासतो त्याला कंटेनर सर्व्हे म्हणतात. त्यातून तीन आकडे निघतात. १०० घरांत किती घरांत अळी सापडली हा हाऊस इंडेक्स. १०० भांड्यांत किती भांड्यांत सापडली हा कंटेनर इंडेक्स. आणि १०० घरांमागे अळी असलेली एकूण भांडी किती हा ब्रेटो इंडेक्स. मला शेवटचा सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण एका घरात एक भांडं की सहा भांडी हे त्यात दिसतं. ब्रेटो ५ च्या खाली असेल तर धोका कमी, ५० च्या वर गेला तर साथीची तयारी ठेवा, असा जुना ठोकताळा आहे. हा आकडा ताप यायच्या आधी कळतो! रुग्णांची संख्या मागचं सांगते, अळीची संख्या पुढचं. पण पेपरात कधी ब्रेटो इंडेक्सची बातमी वाचलीय? धुराच्या गाडीचा फोटो मात्र छापून येतो.

धुराबद्दल. धूर उडत्या डासाला मारतो, अळीला नाही. आठवड्याने नवे डास तयार. रुग्ण सापडला तर त्याच्या घरात आणि आजूबाजूला घरात शिरून फवारणी करण्यात अर्थ आहे, कारण विषाणू असलेला डास तिथेच असतो. एडिस फार उडत नाही, बहुतेक शंभर-दोनशे मीटरच्या आत राहतो. पण मोठ्या रस्त्यावरून गाडी फिरवून काय साधतं? गाडी मागितली जाते कारण ती दिसते. अळी मारणारा कर्मचारी गुपचूप येतो, अबेट (अळीनाशक औषध) टाकतो, निघून जातो. त्याची मागणी घेऊन कुणी मोर्चा काढत नाही.

आणि अंडी पाण्यात नसतात, भांड्याच्या भिंतीवर, पाण्याच्या रेघेच्या जरा वर चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात. नुसतं ओतून उपयोग नाही, काथ्याने घासा.

---

खवचट_सोलापूरकर

मामा म्हणजे पाणी येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे का बे? :D

---

मलेरियामामा_निवृत्त

रोज येऊ दे की बाबा. रोज आलं तर साठवायचंच कारण नाही.

---

कन्नाचौककर

समांतर जलवाहिनीवर (उजनीहून सोलापूरला येणारी दुसरी पाइपलाइन) बोलायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा. इथे आत्ता जे वेळापत्रक आहे तेच धरून बोलू.

---

गल्लीतला_डॉक्टर

माझा दवाखाना दाट वस्तीत आहे. 'व्हायरल आहे' म्हणणारा तो डॉक्टर मीच समजा.

पहिल्या दिवशीच्या तापात डेंग्यू, फ्लू, टायफॉइडची सुरुवात, चिकुनगुनिया, सगळं सारखंच दिसतं. २००६ मध्ये चिकुनगुनिया आला तेव्हा सांधे धरून माणसं रांगेत बसली, म्हणून तो ओळखू आला. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नीट काही कळतं. एनएस१ चाचणी (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगी, आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी) पाचव्या दिवसानंतर. म्हणजे ज्या दिवशी पेशंट माझ्यासमोर असतो त्या दिवशी योग्य चाचणी कोणती हेही तापाच्या दिवसावर ठरतं. पेशंट म्हणतो, "चार दिवस झाले असतील." बायको म्हणते, "दोनच."

आता नोंदीचं. सरकारी नियमांत कार्डावर झटपट होणारी चाचणी 'संशयित' धरतात, एलायझा (प्रयोगशाळेतली रक्तचाचणी) झाली तरच 'निश्चित'. एलायझा नमुने जमवून एकदम लावतात. म्हणून एखाद्याच्या हातात 'डेंग्यू पॉझिटिव्ह'चा कागद असतो आणि तो अधिकृत आकड्यात नसतो. लोकांना वाटतं आकडे लपवतात. बहुतेक वेळा तसं नसतं, दोन्ही कागद आपापल्या जागी खरे असतात. हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून संशय वाढतो.

साथरोगांवर लक्ष ठेवायची देशाची व्यवस्था २००४ मध्ये सुरू झाली. आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून भरतात तो एस फॉर्म, डॉक्टर अंदाजाने भरतात तो पी, प्रयोगशाळा भरते तो एल. पूर्वी आठवड्याला एकदा जायचा, २०२१ पासून नव्या संगणकीय मंचावर रोजच्या रोज भरता येतो. कल्पना उत्तम. पण माझ्याकडे संध्याकाळी सहा ते दहा इतकी गर्दी असते की कंपाउंडरला जेवायला सोडता येत नाही. पी फॉर्म कधी भरू? आणि भरला तर काय मिळतं? कधी काहीच नाही, कधी फोन: "रुग्णाचा पूर्ण पत्ता द्या." पत्ता दिला की त्याच्या दारात चार माणसं. दुसऱ्या दिवशी तो पेशंट मला विचारतो, "डॉक्टर, तुम्ही सांगितलं का?" पुढच्या तापाला तो दुसरीकडे जातो.

माझी सूचना: नावं मागू नका. रोज रात्री तीन आकडे मागा. ताप किती, जुलाब किती, कावीळ किती. सोबत फक्त गल्ली किंवा पाण्याचा झोन. एवढं मी दवाखान्याचं शटर ओढता ओढता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीन. असे दहा दवाखाने एका भागात तयार झाले तर 'नेहमीपेक्षा जास्त' म्हणजे किती हे आधी कळेल. साथ ओळखायला नेहमीचा आकडा माहीत असावा लागतो, आणि तोच आपल्याकडे नाही.

---

मेडिकल_स्टोअरवाला

डॉक्टरसाहेब, तुमच्याही आधी आम्हाला कळतं. जुलाबाची लाट येणार असेल तर ओआरएसची पाकिटं आणि उलटीच्या गोळ्या एकाच दिवसात संपतात. निम्मी गिऱ्हाईकं चिठ्ठीशिवाय येतात, म्हणजे ती तुमच्या वहीत येतच नाहीत. टीबीच्या औषधांची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावीच लागते, एच-१ या सरकारी यादीत आहेत ती, २०१४ पासून. ओआरएसची कुणी विचारत नाही. विचारली तर देऊ की.

---

आशा_एका_वस्तीतली

मी आशा आहे. भाग सांगत नाही, ओळखतील.

सर्व्हेला सकाळी दहाला गेलं तर दार उघडतं, पण कुणी उठून येत नाही. विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात द्यायच्या असतात, हात थांबला की पैसे थांबले. मी त्यांच्याजवळ खाली बसते. पानं कातरता कातरता त्या सगळं सांगतात, कुणाला ताप, कुणाला खोकला, कुणाची सून माहेरी का गेली. उभं राहून फॉर्म वाचला तर "काय नाही अक्का, सगळं चांगलंय" एवढंच. आणि तेलुगूत बोलावं लागतं. मराठीत विचारलं की सरकारी वाटतं.

भांडी बघते तेव्हा एक लक्षात आलंय. तेंदूची पानं भिजवायच्या बादलीत अळी नसते, ती रोज हलते. वापराच्या बॅरलमध्येही कधी असते, कधी नसते. अळी हमखास सापडते ती 'अडचणीला असू दे' म्हणून भरून ठेवलेल्या, कोपऱ्यातल्या, वर ट्रंक ठेवलेल्या पिंपात. त्याला कुणी हात लावत नाही. पाणी चुकलं तर लागेल म्हणून ठेवलेलं असतं. माझ्यामते सगळ्यात आधी ते दाखवायला सांगावं.

अबेट टाकलं की म्हणतात, औषधाचं पाणी प्यायचं कसं. आणि २०२० चं कुणी विसरलं नाही. एप्रिलात शहरात पहिला पेशंट सापडला, मग एकेका गल्लीला पत्रे ठोकले. भाजी नाही, काम नाही, बाहेरचा माणूस वळून बघायचा. अजून काही घरांत ताप विचारला की आजी आधी विचारते, "पत्रे मारणार नाहीत ना?"

टीबीचं तर त्याहून अवघड. पोरीला टीबी आहे हे लग्न ठरेपर्यंत सांगायचं नाही, असं आई हात धरून सांगते. मी सांगत नाही कुणाला. पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० चे १००० झाले, ते खात्यात यावेत म्हणून तरी नोंद करा, असं समजावते. कधी चालतं.

---

जुळेसोलापुरातली_जुई

आशाताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात भारी. ते कोपऱ्यातलं पिंप! आमच्या गच्चीवर पण एक आहे, आत्ता बघून आले. अळ्या आहेत. :(

---

नाव_नको

मुळात त्या भागातल्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही. कितीही योजना आणा, ही माणसं

*(संपादक: उरलेला भाग काढला आहे. कुठल्याही वस्तीबद्दल किंवा समाजाबद्दल असं लिहिल्यास खातं बंद होईल.)*

---

मलेरियामामा_निवृत्त

एडिसला घाण आवडतच नाही. गटारात वाढतो तो क्युलेक, हत्तीरोगवाला. एडिसला तुमचं चकचकीत, निवळलेलं पाणी लागतं. मला मोठमोठ्या बंगल्यांतल्या कारंज्यात अळ्या सापडल्या आहेत. एवढंच.

---

वॉल्व्ह_आणि_प्रेशर

पाणीपुरवठ्यात काम करतो, शहर दुसरं. इथे डासांवरच चर्चा चाललीय, पण पाणी आड दिवसांनी येण्याचा दुसरा परिणाम मला जास्त गंभीर वाटतो.

पाइपात दाब असेल तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आणि त्याच गळतीतून बाहेरचं पाणी आत येतं. जुन्या पेठांत पाण्याची लाइन आणि ड्रेनेज एकाच खड्ड्यातून गेलेली असते, तर बाहेर काय आहे याचा विचार करा. त्यात नळाला थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावर पहिलं येणारं पाणी पिण्यासाठी कधीच भरू नका. ते धुण्याभांड्याला घ्या.

तपासणीचं साधन स्वस्त आहे. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन) थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. मेख 'शेवटच्या' या शब्दात आहे. टाकीजवळच्या नळाला सगळीकडे पिवळंच येतं. आणि घरी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) टाकलं तर अर्धा तास थांबा, लगेच प्यायचं नाही.

आता साथ शोधण्याचं. पटकी किंवा गॅस्ट्रो असेल तर दूषित पाणी प्यायल्यापासून काही तासांत ते पाचेक दिवसांत माणूस आडवा होतो. म्हणजे 'शेवटचं पाणी कधी आलं' हा प्रश्न विचारला की धागा लगेच हाती लागतो. कावीळ वेगळी. दूषित पाण्याने होणारी ए कावीळ साधारण महिन्याने दिसते, ई तर दोन ते दहा आठवड्यांत कधीही. कावीळ दिसली म्हणून आज लाइन उकरून काही सापडत नाही, तो खड्डा महिन्यापूर्वी बुजवलेला असतो. इथे कन्नाचौककरांचा झोनचा नकाशा खरा कामाला येईल. दुरुस्तीच्या तारखा आणि कावीळीच्या तारखा एकाच कागदावर ठेवा.

---

पंढरीचा_पाहुणा

यात पंढरपूर कसं काय आलं नाही अजून? आपल्याच जिल्ह्यात आहे. पूर्वी वारीनंतर पटकी गावोगाव पोचायची, मरीआईचे गाडे हाकलायचे लोक. आता एवढी गर्दी होते तरी तसं होत नाही, ते काही आपोआप नाही. पालखीमार्गावरच्या विहिरींत टीसीएल, टँकरच्या पाण्याची तपासणी, वाटेवरची आरोग्य पथकं. लाखो माणसं, दर मुक्कामाला नवं गाव, तरी जमतं. मग आपल्या पेठा तर जागच्या हलत पण नाहीत.

---

वॉल्व्ह_आणि_प्रेशर

वारीला तारीख ठरलेली असते, पंढरीचे पाहुणे. सगळे तयारीत असतात. पेठेत गळती तारीख सांगून होत नाही.

---

पुण्यात_पण_सोलापूरचा

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली. सिंहगड रस्त्याकडे अचानक हातापायातली शक्ती गेलेले रुग्ण वाढले. एरवी हा आजार इतका विरळ की एका रुग्णालयात एकदम अनेक दिसले की डॉक्टर दचकतात, म्हणून पटकन लक्षात आलं. मग पाण्याकडे बोट गेलं, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू सापडला. त्यातल्या एका रुग्णाचा मृत्यू सोलापुरात झाला होता. विरळ आजार चटकन दिसतो, ताप दिसत नाही, कारण ताप सगळ्यांनाच येतो. डॉक्टरांनी वर 'नेहमीचा आकडा' म्हटलंय तो म्हणूनच महत्त्वाचा.

दुसरं, गोवर. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मग भिवंडीला आणि मालेगावला. शेवटची दोन यंत्रमागाची गावं, आपल्यासारखीच: लहान घरं, एका खोलीत सात-आठ माणसं, कामासाठी येणारी-जाणारी कुटुंबं. गोवर रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात, नवव्या महिन्यानंतरचा आणि दीड वर्षाच्या आसपासचा. सरासरी ९० टक्के असली तरी एखाद्या गल्लीत ६० असू शकते, आणि गोवर बरोब्बर ती गल्ली शोधतो. सरासरीवर खूष होऊ नये.

---

चादरवाला

आमच्या कारखान्यात एक गोष्ट बघितली ती सांगतो. एडिस दिवसा चावतो म्हणतात. मग कामगार दिवसभर कारखान्यात, त्याला चावला कुठे? फॉर्मवर घरचा पत्ता लिहिला जातो आणि फवारणी घरी. कारखान्याच्या मागं रंगाचे रिकामे ड्रम, पावसाचं पाणी भरलेले. तिकडं कोण बघायलंय? डाइंगवाल्यांकडं तर टाक्याच टाक्या.

---

गल्लीतला_डॉक्टर

चादरवाले, हे फार महत्त्वाचं. यापुढे मी तापाच्या पेशंटला 'दिवसा कुठे असता' हे पण विचारणार. पोरांच्या बाबतीत शाळा, बायकांच्या बाबतीत घर किंवा विडी कारखाना.

---

कन्नाचौककर

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला. वाचून माझं मत थोडं आणखी पक्कं झालंय, म्हणून पुन्हा एकदा मांडतो.

शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ होती, आता जास्तच असणार. एवढ्यांवर एकदम लक्ष ठेवायला माणसं कुठून आणणार? पण पाण्याचा झोन ही आयती तुकडी आहे. त्याला ठरलेला दिवस आहे, ठरलेला चावीवाला आहे, आणि त्या दिवशी घरातलं कुणीतरी नळाशी हमखास असतंच. सर्व्हेला दार उघडत नाही अशी तक्रार असते ना? पाण्याच्या दिवशी उघडंच असतं.

म्हणून: आशाताई म्हणतात ते कोपऱ्यातलं पिंप आदल्या संध्याकाळी. डॉक्टरांचे तीन आकडे आणि मेडिकलवाल्यांची ओआरएस झोनच्या नावाने, रुग्णाच्या नावाने नाही. म्हणजे कुणाच्या दारात पत्रेही नकोत आणि कुणी विचारायलाही नको की तुम्ही सांगितलं का. शेवटच्या नळाचं ओटी त्याच कागदावर. एवढं एका झोनमध्ये एक पावसाळाभर करून बघता येईल. नव्या सॉफ्टवेअरची गरज नाही, वही चालेल.

टीबी मात्र यात बसत नाही, हे मान्य. तिथे नाव लागतंच, सहा महिने त्याच माणसाच्या मागे राहावं लागतं, घरातल्यांना प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांनाही सक्तीची आहे. तो वेगळाच विषय, त्यासाठी आशाताईंसारखं शेजारी बसणारं माणूस लागतं.

---

खवचट_सोलापूरकर

सगळं पटलं बे. पण आदल्या संध्याकाळी पिंप ओतून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी 'तांत्रिक कारणामुळे पाणीपुरवठा एक दिवस उशिरा' असं आलं तर? बायको मलाच पिंपात घालेल.

---

आशा_एका_वस्तीतली

हे खरं आहे. म्हणूनच कुणी ओतत नाही.

---

मलेरियामामा_निवृत्त

ओतायचं नाही! हेच सांगायचं राहिलं. पिंपातलं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढा. अळ्या कापडावर राहतात. ते कापड उन्हात कोरड्या जमिनीवर झटका, अळी तिथेच मरते. रिकामं पिंप आतून काथ्याने घासा, पाण्याची रेघ असते त्याच्या जरा वर जास्त जोर लावा. गाळलेलं पाणी परत त्यात. थेंबभर वाया जात नाही.

मोठा जमिनीतला हौद असेल आणि त्याचं पाणी पिण्यासाठी नसेल तर गप्पी मासे सोडा. प्यायच्या भांड्यावर कापड बांधा, पण ताणून. ढिलं बांधलं की मधे खळगा होतो, त्यात पाणी साचलं की डास तिथेच अंडी घालतो.

---

जुळेसोलापुरातली_जुई

मामा, नुसतं प्लॅस्टिकचं झाकण चालतं का? आमच्या गच्चीवरच्या पिंपाला झाकण होतं.

---

मलेरियामामा_निवृत्त

घट्ट बसत असेल तर चालतं. बोटभर फट असेल तर नाही, डासाला तेवढी पुष्कळ झाली. टाकीच्या हवेच्या नळीलाही जाळी बांधा, ती सगळे विसरतात.